तिला रोज तेच पुस्तक हवं असतं

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि मुलगा दीड वर्षाचा. झोपायच्या आधी मी दोघांना वाचून दाखवतो. ‘मुलांना वाचून दाखवायलाच हवीत’ अशी एक मोठी यादी पाहून मी बरीच चित्रपुस्तकं घेतली, पण बहुतेक मुलीने दोन पानांतच बाजूला सारली. तिला रोज एकच पुस्तक लागतं. एक बेडूक पावसात छत्री घेऊन एकटाच फिरायला निघतो, एवढीच त्यातली गोष्ट. प्रत्येक पानावर ती एक गोगलगाय शोधत बसते, जिचा मजकुरात कुठे उल्लेखही नाही. मला ते पुस्तक तोंडपाठ झालंय आणि खरं सांगायचं तर नकोसं झालंय. एखादा शब्द गाळला तर ती लगेच पकडते. माझी आई म्हणते, यात बोध काहीच नाही, वाचायचंच तर चांगलं काही शिकवणारं वाच. धाकटा अजून पुस्तक चावतोच. या दोघांना आवडतील अशी दहा पुस्तकं सांगाल का?
– दोन मुलांचा बाबा

उत्तर : नमस्कार. तुम्ही गोगलगाईचा उल्लेख जाता जाता केलात, पण मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच वाटली. तुमची मुलगी त्या पुस्तकाला का चिकटून आहे, हे तिथेच कळतं, आणि पुढची पुस्तकं कशी निवडायची तेही.

तुम्ही वाचता, ‘बेडूक एकटाच निघाला.’ ती चित्रात बघते, तर बेडकाच्या मागोमाग कुणीतरी येतंय. मजकुराला ते माहीत नाही, बेडकाला माहीत नाही, वाचणाऱ्या बाबाचंही तिकडे लक्ष नाही. फक्त तिला माहीत आहे. चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात असे प्रसंग किती येतात? दिवसभर सगळं मोठ्यांनाच आधी कळलेलं असतं. इथे मात्र पुस्तकाने एक काम तिच्यासाठी राखून ठेवलंय आणि ते तिच्याशिवाय पुरं होत नाही.

आपण वाचत असताना मूल काय बघतं, यावर मेरी अ‍ॅन एव्हन्स आणि जाँ सेंट-ऑबिन यांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाचून दाखवलं जात असताना मुलांची नजर कुठे फिरते ते त्यांनी उपकरणाने टिपलं. शाळापूर्व वयाच्या त्या मुलांची नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर होती, अक्षरांकडे ती क्वचितच वळली. म्हणजे तुम्ही दोघं एकाच पुस्तकावर वाकलेले असलात तरी तुम्ही एक गोष्ट वाचताय आणि ती दुसरी. चांगल्या चित्रपुस्तकात या दोन गोष्टी एकसारख्या नसतात. त्या एकमेकींना धरून असतात, कधी एकमेकींच्या विरुद्ध बोलतात, आणि दोन्ही जुळवून पूर्ण गोष्ट तयार करायचं काम ऐकणाऱ्यावर सोडलेलं असतं.

तर नवं पुस्तक हातात घेतलं की पहिली परीक्षा ही घ्या. एखाद्या पानावरचं चित्र हाताने झाका आणि नुसता मजकूर वाचा. सगळं कळलं का? आता मजकूर झाका आणि नुसतं चित्र बघा. त्यात मजकुराने न सांगितलेलं काही सापडलं का? समजा मजकूर असा आहे : ‘मनू खूप रागावली होती. तिने कपाळाला आठ्या घातल्या होत्या. ती टेबलाखाली जाऊन बसली.’ आणि चित्रात आठ्या घातलेली मनू टेबलाखाली बसलेली आहे. इथे मुलाने करायचं काय? आता दुसऱ्या पुस्तकात मजकूर एवढाच आहे : ‘मनू म्हणाली, मी मुळीच रागावलेली नाहीये.’ आणि चित्रात टेबलाखाली घरातल्या सगळ्या उशा रचून केलेली भिंत आणि तिच्यामागून डोकावणारे दोन डोळे. हे वाचताना मूल ओरडून सांगेल, ‘ती रागावलीये! खोटं बोलतेय ती!’ दुसरं पुस्तक घ्या. पहिल्यातली चित्रं कितीही सुबक असली तरी दुसरंच घ्या.

हे करताना मुखपृष्ठाच्या आत चिकटवलेल्या कागदापासून बघायला सुरुवात करा. चित्रकार पुष्कळदा गोष्ट तिथूनच सुरू करतात आणि शेवटच्या कोऱ्या वाटणाऱ्या पानावर संपवतात. मुलांना ते आपल्या आधी दिसतं.

दुसरी परीक्षा कानाची. वाचून दाखवायचं पुस्तक मनातल्या मनात वाचून निवडता येत नाही. ग्रंथालयात असाल तर कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात का होईना, पण ओठ हलवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. फार वेळ लागत नाही. चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची असतात, कारण छपाईचा मोठा कागद घड्या घालून कापला की पानं ८ किंवा १६ च्या पटीत मिळतात. त्यातून शीर्षकाची वगैरे पानं वजा केली की गोष्टीला बारा-चौदा जोडपानं उरतात. एवढ्या जागेत वाक्य कुठे अडखळतं, श्वास कुठे पुरत नाही, हे मोठ्याने वाचल्याबरोबर समजतं. ओढूनताणून जुळवलेली यमकं डोळ्यांना चालून जातात, जिभेला चालत नाहीत. अनुवादित पुस्तकांच्या बाबतीत तर ही परीक्षा चुकवूच नका. चित्रं अप्रतिम आणि वाक्यं मात्र कुणीच कधी बोलणार नाही अशी, हे दुर्दैवाने वारंवार घडतं. अशा वेळी पुस्तक आवडलं असेल तर गोष्ट तुमच्या बोलीत सांगा, पण मग दर वेळी तशीच सांगा, कारण तुमची मुलगी शब्द पकडणारी आहे.

वाचताना पान कुठे उलटतंय याकडेही लक्ष द्या. ‘त्याने हळूच दार उघडलं, आणि…’ असं उजव्या पानाच्या तळाशी आलं आणि दारामागचं चित्र पुढच्या पानावर असलं, की मूल स्वतः हात घालून पान उलटतं. तेच दोन्ही एका जोडपानावर आलं, तर उत्कंठा तिथल्या तिथे विरून जाते. ज्याने हे जाणून पुस्तक बांधलंय, त्याला मुलांना वाचून दाखवण्याचा अनुभव आहे असं खुशाल समजा. आणि पालुपद असलेली पुस्तकं जरूर घ्या. ठरावीक जागी ठरावीक ओळ परत आली की मूल तिसऱ्या वेळेपासून तुमच्याबरोबर म्हणू लागतं, आणि दीड वर्षाचा मुलगाही निदान शेवटच्या शब्दाला साथ देतो.

शब्द अवघड आहेत म्हणून पुस्तक परत ठेवू नका. आपण लहान मुलांशी रोज बोलतो ते ठरावीक शब्दांत : ये, जेव, नको, पडशील, झोप. जेसिका माँटॅग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १०० चित्रपुस्तकांतल्या भाषेची मुलांशी होणाऱ्या रोजच्या बोलण्याशी तुलना केली, तेव्हा पुस्तकांत वेगवेगळ्या शब्दांचं प्रमाण जास्त आढळलं. ‘बेडूक डौलात निघाला’ यातला डौल तिला कुणी समजावून सांगायची गरज नाही. चित्रातल्या बेडकाची मान बघून तिला तो कळतो.

आता तुमच्या कंटाळ्याविषयी. तो खरा आहे आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. पण तिच्या बाजूने बघाल का? जेसिका हॉर्स्ट यांच्या २०११ मधल्या अभ्यासाचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. ससेक्स विद्यापीठातल्या या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांच्या दोन गटांना गोष्टी वाचून दाखवल्या. एका गटाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, दुसऱ्याला वेगवेगळ्या. गोष्टींत पेरलेले नवे शब्द दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले होते. तरी तीच गोष्ट परत ऐकणाऱ्या मुलांना ते शब्द अधिक चांगले आले. हे पटण्यासारखं आहे. गोष्ट नवी असताना मुलाची सगळी शक्ती ‘पुढे काय होणार’ यातच खर्च होते. ते कळून चुकलं की मग शब्दांकडे, कोपऱ्यातल्या गोगलगाईकडे, ढगाच्या बदललेल्या रंगाकडे बघायला सवड मिळते. तुम्ही शब्द गाळल्यावर ती पकडते, तेव्हा तिला ती गोष्ट तुमच्याइतकीच पाठ आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. तेव्हा तिला वाचू द्या. बेडकाचं बोलणं तिचं, बाकीचं तुमचं, असं वाटून घ्या. तुमचा कंटाळा निम्मा तिथेच जाईल.

उरलेल्या निम्म्यासाठी प्रश्न विचारा, पण जपून. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिलं की आईवडिलांनी वाचताना मोकळे प्रश्न विचारले, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालून ते पुढे नेलं, तर काही आठवड्यांतच दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या बोलण्यात फरक पडतो. मोकळा प्रश्न म्हणजे ‘गोगलगाय का येत असेल याच्या मागे?’ ‘छत्रीचा रंग कोणता?’ हा तसा प्रश्न नव्हे. त्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे, तिलाही माहीत आहे, आणि तुम्ही परीक्षा घेताय हे तिला लगेच कळतं. एका वाचनात असे दोन प्रश्न पुष्कळ झाले. काही रात्री तर एकही नको. गोष्ट रंगात आलेली असताना मध्येच थांबवून विचारपूस करणारा वाचक मोठ्यांनासुद्धा सहन होत नाही.

तुमच्या आवडीलाही या सगळ्यात जागा आहे. रात्री दोन पुस्तकं : एक तिने निवडलेलं, एक तुम्ही. तुमचं पुस्तक तुम्हाला मनापासून आवडणारं असू द्या. चित्रांसाठी, भाषेसाठी, विनोदासाठी, कशासाठीही. वाचणाऱ्याला पुस्तक आवडतंय की तो ते उरकतोय, हे आवाजात उतरतंच. यादीतली पुस्तकं तिने बाजूला सारली, त्यातली किती तुम्हाला स्वतःला आवडली होती? हा प्रश्न मी टोचून विचारत नाहीये. तुम्ही ती चांगल्या मनाने घेतलीत. पण ‘वाचायलाच हवीत’ म्हणून आलेल्या पुस्तकाकडे दोघंही जरा सावधच बघतात.

तुमच्या आईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. नातवंडांनी चांगलं वागावं, खरं बोलावं, यासाठी त्यांना गोष्टी हव्या आहेत आणि गोष्टींचा तो उपयोग जगभर होत आलाय. फक्त कुठली गोष्ट खरोखर काम करते, ते पाहायला हवं. कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांना खरं-खोटं बोलण्याविषयीच्या वेगवेगळ्या जुन्या गोष्टी ऐकवल्या आणि नंतर ती खरं बोलतात का ते पाहिलं. खोटं बोलणाऱ्याचं वाईट होतं, अशा गोष्टींचा परिणाम दिसला नाही. चूक कबूल करणाऱ्याचं कौतुक होतं, ती गोष्ट ऐकलेली मुलं मात्र खरं बोलण्याकडे अधिक झुकली. म्हणजे धाक घालणारा बोध आपल्याला कितीही ठसठशीत वाटला, तरी तो मुलापर्यंत पोचेलच असं नाही.

माझं स्वतःचं मत याहून थोडं पुढचं आहे. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेलं पुस्तक मी घेत नाही. ते तात्पर्य मुलाच्या हातातलं काम काढून घेतं. बेडूक एकटा निघाला असं त्याला वाटत होतं, आणि सोबत कुणीतरी होतंच, हे तुमच्या मुलीने स्वतः शोधलंय. त्याखाली ‘आपण कधीही एकटे नसतो’ असं छापलं असतं, तर ते तिचं राहिलं नसतं. आईंना एकदा तिच्या शेजारी बसवा आणि गोगलगाय कुठे कुठे आहे, ते नातीलाच दाखवू द्या. त्यात बोध आहे की नाही, हे मग त्याच ठरवतील.

एक मात्र बघा. तुमच्या घरातल्या पुस्तकांत माणसं कोणती आहेत? रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मांडलं की मुलाला पुस्तकात कधी आरसा मिळायला हवा आणि कधी खिडकी. आपल्यासारखं घर, आपल्यासारखा वर्ण, आपल्यासारखी भांडणं दिसायला हवीत, आणि आपल्याहून वेगळं जगणारी माणसंही दिसायला हवीत. घरातली सगळी पुस्तकं प्राण्यांचीच असतील, किंवा सगळ्यांत एकाच तऱ्हेचं कुटुंब असेल, तर पुढची दोन-तीन पुस्तकं निवडताना हे ध्यानात ठेवा. आणि पुस्तकातली मुलगी नुसती बघत उभी आहे की काही करतेय, हेही.

धाकट्याचं सोपं आहे. तो पुस्तक चावतो, कारण या वयात तोंडही जग तपासण्याच्या कामी येतं. त्याला जाड पुठ्ठ्याच्या पानांची, गोल कोपऱ्यांची पुस्तकं द्या. एका पानावर एकच ठळक चित्र, बाळांचे खरे चेहरे, रोजच्या वस्तू, प्राण्यांचे आवाज. उचकटायच्या खिडक्या आणि उभी राहणारी चित्रं असलेली पुस्तकं हाताळायला मजेची असतात, तुम्हीही एखादं ठेवा. पण शब्द शिकण्यासाठी ती साध्या पुस्तकांपेक्षा सरस आहेत असं समजू नका. मेधा तारे आणि सहकाऱ्यांच्या २०१० मधल्या अभ्यासात या वयाची मुलं अशा पुस्तकांतून कमीच शिकली होती, कारण सगळं लक्ष ओढाओढीत गेलं. तो मांडीवर बसत नसेल तर बसवू नका. खोलीत फिरत राहिला तरी त्याचे कान तुमच्याकडे असतात. ओळखीच्या ओळीला तो मागे वळून बघतो की नाही, ते पाहा. दोघांना एकत्र वाचताना आधी त्याचं छोटं पुस्तक, मग तिचं. उलट केलंत तर त्याचा धीर तुमच्याआधी संपतो. त्याचं पुस्तक तिलाच ‘वाचून दाखवायला’ सांगा. अक्षरं येत नसली तरी चित्रावरून ती जे सांगेल, ते त्याला चालेल.

एकही शब्द नसलेलं एखादं चित्रपुस्तकही आणून बघा. पुष्कळ पालक त्याला बिचकतात. वाचायचं काय, असं त्यांना होतं. तुमच्या मुलीला मात्र ते फार आवडेल असं मला वाटतं, कारण तिथे सगळंच काम तिचं असेल आणि ऐकायची पाळी तुमची.

दहा पुस्तकांची यादी मी देत नाहीये. एक यादी तुम्ही वापरून पाहिलीत. ती करणाऱ्याला तुमची मुलगी माहीत नव्हती आणि मलाही तुम्ही चार ओळींत सांगितली तेवढीच ती माहीत आहे. त्याऐवजी असं करा. ते बेडकाचं पुस्तक घेऊन दोघं ग्रंथालयात जा. ‘चार वर्षांच्या मुलीसाठी चांगलं पुस्तक द्या’ असं विचारू नका. गोगलगाय दाखवा आणि म्हणा, ‘शब्दांत सांगितलेलं नसतं ते चित्रात असतं, अशी आणखी पुस्तकं आहेत का?’ मुलांच्या विभागात काम करणाऱ्या माणसाला असा नेमका प्रश्न क्वचितच कुणी विचारतं, आणि उत्तर देताना तो स्वतः उठून कपाटापाशी येईल. चित्रकाराचं नाव पाहून त्याचीच आणखी पुस्तकं मागा. आपण लेखकाचं नाव लक्षात ठेवतो, मुलं मात्र हाताची ओळख ठेवतात. पाच-सहा घरी आणा, आठवडाभर जमिनीवर पसरून ठेवा. जे ती स्वतः उचलून तुमच्याकडे तिसऱ्यांदा आणेल, तेवढंच विकत घ्या.

घरात पडून असलेली ती यादीतली पुस्तकं कुणाला देऊन टाकू नका इतक्यात. ज्यांची चित्रं तुम्हाला बरी वाटली ती कपाटात वर ठेवा आणि चारेक महिन्यांनी काही न बोलता एकेक करून खाली आणा. ‘हे बघ, हे किती छान आहे’ असं म्हणू नका. चार वर्षांच्या आणि साडेचार वर्षांच्या मुलीत खूप अंतर असतं. जे दोन पानांत कंटाळवाणं वाटलं होतं, त्यात तिला आता एखादी गोगलगाय सापडू शकते. आणि नाहीच सापडली, तर धाकटाही मोठा होतोच आहे. त्याची आवड वेगळी निघेल.